भोपाळचा पहारा

लाइट गेली, तसे भोपाळला इंद्रपुरीतल्या गच्चीवर सगळे नारायणकाकांभोवती सरकून बसले. काका म्हणाले, पिपलानीत आमच्या शेजारी राहायच्या त्या प्रमिलावहिनींची गोष्ट आहे. ऐका.

सन दोन हजार सहा, हरतालिकेची रात्र. वहिनींचा निर्जळी उपास. तरी मागच्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टर क्लारांना ताप आलेला, म्हणून त्या पेजेचा डबा घेऊन निघाल्या.

मठ म्हणजे दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथे प्रार्थनेचा अखंड पहारा चाले, आपल्या सप्ताहातल्या वीणेसारखा. फक्त ही वीणा देशोदेशी फिरे. फिलिपाइन्सच्या मठानं फोनच्या दोन घंट्या दिल्या की भोपाळ बसे. पहाटे तीनला भोपाळनं दोन घंट्या दिल्या की पोलंड. तीस वर्षांत खंड नव्हता. पण थोरल्या सिस्टर अगाथा माघात वारल्या, क्लारा एकट्या उरल्या. आता पहारा चुकला तर मठ बंद करून त्यांना केरळला धाडणार होते.

"प्रमिला, आज माझ्यानं बसवत नाही गं."

"निजा तुम्ही. मला जागरण आहेच. तुमच्या देवापुढे केलं तर गौर काही रुसायची नाही."

वहिनी दिव्यापुढे मांडी घालून बसल्या. जवळ फोन. बाजूला अगाथांची गुडघे टेकायची उशी. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे, म्हणून उशीत एकच खळगा पडायचा. क्लारांनी नवा कापूस भरून ती टम्म फुगवून ठेवली होती.

हरतालिकेला बायका फुगड्या घालून, गाणी म्हणून जागतात. इथे गाणं नाही. पाण्याचा थेंब नाही. अंग शिणलेलं. डोळे जड...

शेजारी कुणीतरी टेकलं. हळूच. धापेसारखा श्वास...

टक्. टक्. फोनची बटणं.

मग काहीच नाही.

जाग आली ती पाखरांच्या आवाजानं. उजाडलं होतं. तीन कधीच वाजून गेले होते. क्लारा भिंतीला धरून बाहेर आल्या, तेव्हा वहिनी नुसत्या रडल्या. क्लारांनी माफी मागायला पोलंडला फोन लावला. ऐकत राहिल्या... रिसीव्हर ठेवला.

"त्या म्हणतात, तीनला दोन घंट्या आल्या. माफी कसली?"

"तुम्ही उठला होतात?"

"नाही."

दोघींची नजर एकदमच खाली उशीकडे गेली.

गच्चीखाली कुठेतरी स्कूटर सुरू झाली, लांब गेली.

मठ अजून चालू आहे, काका म्हणाले. त्या उशीत उजव्या बाजूला एक खळगा आहे. कापूस कितीही भरा... सकाळी असतोच.