आतून लावलेली कडी

"देवरावजी, तुमचा मानूस क्रेनवर चढून बसला. आतून कडी लावली. उतरत नाही म्हनते."

"कोन?"

"पुंडलिक वानखेडे."

देवराव खोब्रागडे हातातला चहा तसाच ठेवून उठले. त्यांच्यासारख्या वेल्फेअर इन्स्पेक्टरला लोक शोधतात ते क्वार्टरच्या गळक्या नळासाठी. 'तुमचा मानूस' म्हणून फोन आला, की प्रकरण गळ्याशी आलं समजावं.

आणि पुंडलिक खरोखरच त्यांचा होता. कारखान्याच्या दवाखान्यात गेल्या वर्षी, शहाऐंशी साली, मनाच्या दुखण्यासाठी एक खोली उघडली होती. पैसा लागत नसे, रजाही कापली जात नसे. समुपदेशक सुशीला रामटेके तिथे बसत. पण भिलाईत ज्याच्यासोबत ड्यूटी करायची, त्याच्याच भिंतीला भिंत लावून राहायचं. 'पागलवाल्या मॅडम'कडे कोण गेलं, हे संध्याकाळच्या आत अख्ख्या सेक्टर दोनला कळणार. म्हणून कोणी फिरकेना. देवराव दारोदार सांगत फिरले, "जे बोलसान ते त्या खोलीतच राहीन." त्या शब्दावर आधी पुंडलिक गेला, मग आणखी काही जण.

कारखान्याच्या शॉपमध्ये भट्टीच्या धगीनं अंगाची लाही होत होती. छताखाली रुळांवर फिरणारी क्रेन मधोमध थांबली होती, हुक रिकामा. खाली जमलेल्यांतला भय्याजी पुढे आला. तो पुंडलिकच्या क्रेनखाली काम करायचा.

"काय झालं?"

"फोरमन साहेब सगळ्याईसमोर बोलले. 'वानखेडे, आजपासून तू खाली. तुले वरून तुहा चिंधू उभा दिसते ना?' लोक हासले. मी बी हासलो. हा चुपचाप वर गेला."

देवराव शिडी चढले. क्रेनच्या केबिनमध्ये काचेआड पुंडलिक घामानं निथळत बसला होता.

"दार उघड, पुंडलिक."

"माहा धाकटा भाऊ गावच्या तळ्यात बुडाला. तो मले क्रेनखाली उभा दिसते, हे मी फक्त मॅडमले सांगतलं. तुमी म्हटलं होतं, खोलीतच राहीन."

"म्हटलं होतं."

"मंग बाहेर कसं आलं? कोनं सांगतलं? ते सांगा, नाहीतर मी इथूनच उतरतो." त्यानं शिडीकडे नाही, कठड्याकडे पाहिलं.

"माह्यासाठी थांब. नाव घेऊन येतो," देवराव म्हणाले आणि उतरले. खाली उतरताच भय्याजीला शिडीपाशीच उभं केलं.

फोरमन ओमप्रकाश बोरकर केबिनमध्ये पंख्याखाली बसला होता. चेहरा उतरलेला.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"नाही सांगता येत. शपथ आहे."

"कोनाची?"

"बायकोनं घातली. मी त्याच्या भल्यासाठीच उतरवलं, खोब्रागडे. चिंधूचं तेवढं बोलाले नव्हतं पाहिजे. जीभ घसरली."

याहून जास्त तो बोलेना.

दवाखान्यात सुशीलाबाईंच्या खोलीसमोरचा बाक रिकामा होता. बातमी शॉपमधून इथवर आधीच पोचली होती. एरवी इथे दोघंतिघं मान खाली घालून बसलेले असत.

"सगळे म्हणतात मीच फोडलं," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही तसंच वाटतं का?"

"दाराशी कोणी ऐकलं असेल?"

"आया चंपा असते, पण पेशंट आत आला की तिला मी फाटकाजवळ बसवते."

"तो काय बोलायचा?"

"ते तुम्हालाही सांगणार नाही."

"आता काय झाकता, बाई? खाली चिंधू दिसतो, हे शॉपभर झालंय."

"कोण चिंधू?"

देवरावांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. सुशीलाबाईंच्या कपाळावर खरीच आठी होती.

"धाकट्या भावाचं नाव असावं," त्या सावकाश म्हणाल्या. "इथं त्यानं ते एकदाही घेतलं नाही. 'माहा धाकटा' एवढ्यावरच थांबायचा. आणि ऐका, याच आठवड्यात तो स्वतःहून खालचं काम मागणार होता. एवढं तरी त्याच्या मनासारखं होऊ द्यायचं होतं."

देवरावांनी सायकल सेक्टर दोनकडे पिटाळली.

प्रेमला वानखेडे दारातच पापड वाळवत होती. नवऱ्याचं ऐकूनही ती पापड उलटतच राहिली.

"हे पापड एकटीनं लाटले?" त्यांनी विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण तिला बोलतं ठेवायला हवं होतं.

"बोरकरबाईकडे लाटले. आमी दोघीनं."

आत दिवसाढवळ्या काळोख. खिडकीला जाड चादर ठोकलेली.

"बाहेरचा आवाज येऊ नाही म्हनून?"

"नाईट करून आले की दिवसा झोपते ना ते. आतला आवाज…" ती थांबली.

भिंतीवर हार घातलेला एका पोराचा फोटो होता. "हा कोन?"

"शंकर. यांचा धाकटा. यांच्यानंतरचे दोघं दगावले म्हनून सासूबाईनं याले चिंधू म्हनावं, नजर लागू नाही म्हनून. त्या गेल्या. आता कोनी नाही घेत ते नाव."

देवराव दाराकडे वळले. मग म्हणाले, "चला माह्यासंगं."

वाटेत तिनं उरलेलं सांगून टाकलं. गेटवर पास करून घेतला, तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. तिला शिडीपाशी भय्याजीजवळ सोडून ते पुन्हा वर चढले.

"ऐक पुंडलिक. मॅडमनं नाही सांगतलं. फोरमनच्या तोंडी चिंधू आला, अन् मॅडमले ते नावच मालूम नाही. तू तिथं घेतलंच नाही. मंग गोष्ट खोलीतून नाही निघाली, तुह्या घरून निघाली. फोरमनले शपथ घातली त्याच्या बायकोनं. तिच्याकडे पापड लाटाले कोन जाते?"

काचेआड पुंडलिकचा चेहरा दगडासारखा झाला. "प्रेमला? तिले कसं? मी तर तिले कधीच…"

"तू झोपेत बोलते, क्रेनखालचं, चिंधूचं, सगळं. लोकं बाहेरच्या आवाजासाठी खिडकी झाकते. तिनं झाकली, तुहा आवाज शेजारी जाऊ नाही म्हनून. तू दिवसा झोपते अन् ती बाजूले जागी बसून ऐकते. तुले विचाराची हिंमत नाही झाली तिची. एखाद्या दिवशी क्रेन चालवता चालवता तुहा हात अडकन, म्हनून भीत होती. शेवटी जाऊन बोरकरबाईजवळ रडली. चुकली. पन दुसऱ्या कोनाजवळ रडावं बावा तिनं?"

पुंडलिकनं काचेतून खाली पाहिलं. मग तो ताडकन उठला.

"तिले तिथून हटवा."

देवरावांनी वाकून पाहिलं. प्रेमला शिडी सोडून बरोबर हुकाखाली येऊन उभी होती. मान वर करून.

"तिथंच… तो तिथंच उभा राहते." पुंडलिकनं काच सरकवली आणि पूर्ण ताकदीनं ओरडला, "बाजू हो!"

प्रेमला जागची हलली नाही. झोपेतले ते शब्द तिला पाठ होते.

"नाव घेऊन म्हना," ती खालून म्हणाली. "झोपेत घेता तसं. मंग हटीन."

शॉपमध्ये कोणी हसलं नाही. पुंडलिकचे ओठ दोनदा नुसतेच हलले. तिसऱ्यांदा आवाज फुटला.

"चिंधू. बाजू हो रे, चिंधू."

प्रेमला एक पाऊल बाजूला झाली. पुंडलिकनं तिथली रिकामी जमीन बराच वेळ पाहिली, आणि मग कडी काढली.