शून्य पावलांची पर्णिका

अल नहदाच्या तळ्याकाठी समोरून यतीन येताना दिसला आणि पर्णिकाला वाटलं, या बदकांत लपता आलं तर फार बरं होईल. पण तो हसत थेट तिच्यापुढेच येऊन उभा राहिला.

"इतकं चालता तुम्ही," तो म्हणाला, "मग आमच्या यादीत अजून शून्य पावलं कशी?"

आखातातल्या त्यांच्या मराठी मंडळाने चालण्याची स्पर्धा काढली होती. घड्याळ ॲपला जोडलं की ज्याची त्याची पावलं सगळ्यांना दिसत. यतीन संयोजक, आणि पहिल्या नंबरावरही तोच. पर्णिकाचं घड्याळ काही केल्या जोडलं जाईना. त्यालाच विचारायचं तर... छे, एवढंही येत नाही म्हणेल! म्हणून तिने इंटरनेटवर मदत शोधली. कुणीतरी गोड बोलून लिंक पाठवली. घड्याळ जोडायला एकच दिरहम. म्हणजे पंचवीस रुपये, एका कडक चहाचे पैसे, असं म्हणत तिने कार्डाचा नंबर दिला, ओटीपी दिला आणि पगार खलास.

आणि ही बाई नोकरी कुठे करायची? बँकेत. ओटीपी कुणालाही देऊ नका, असं दिवसभर फोनवर लोकांना बजावायची. कार्ड तिने लगेच बंद केलं, तक्रारही नोंदवली. पण शरमेने तिला जेवण गोड लागत नव्हतं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"घड्याळ... बिघडलंय," ती पुटपुटली.

यतीन म्हणाला, मंडळातल्या रोझ आंटींचंही जोडलं जात नव्हतं, पण आज त्यांना कुठलीशी लिंक मिळालीये, एकच दिरहम मागतायत.

पर्णिकाचे कान तापले. गप्प राहिलं तर आपली अब्रू वाचते, आणि आंटी बुडतात.

"त्यांना आधी फोन करा," ती म्हणाली. "ओटीपी देऊ नका म्हणावं. मी... दिलाय."

यतीनने लगेच फोन लावला. आंटी कार्ड हातात घेऊनच बसल्या होत्या. थोडक्यात वाचल्या. फोन ठेवून यतीन वळला. तो हसला नाही. त्याने तिच्याच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲपला परवानगी दिली आणि घड्याळ जोडलं गेलं. ना कार्ड लागलं, ना पैसे.

"ग्रुपवर सावध करतो. तुमचं नाव नाही घालत."

"घाला," ती म्हणाली. "बँकेतली पर्णिका फसली म्हटलं तर लोक नीट वाचतील."

मग टाइप करता करता त्याने हळूच विचारलं, "इतकी घाई कशासाठी केली, तेही लिहू?"

"ते... ग्रुपवर नको."

"मग मला सांग."

तो एकदम अगं-तुगंवर आला होता. तिने मान खाली घातली. "यादीत तुमच्या नावाशेजारी यायचं होतं."

यतीनने फोन खिशात टाकला. "मग शेजारीच चाल ना," तो म्हणाला. "मी रोज इथे येतो, ते काय बदकं बघायला?"

तिची मान काही वर झाली नाही. पण ती त्याच्या शेजारून चालू लागली.