राघोचा वाटा

परतीच्या पावसाने मला शांती नगरात गाठलं आणि मी समोर दिसलं त्या दुकानात घुसले. आत काचेच्या पेटीत वीतभर उंचीचा राजा चक्क तलवार फिरवत होता! वर पाटी – ‘तुमचं आवडतं पात्र जिवंत करून मिळेल.’

“तुमचा हिरो कोण?” काउंटरमागच्या मुलाने हसत विचारलं. साईराज त्याचं नाव. हसला की एकाच गालावर खळी… मी उगाच ओढणी पिळत राहिले.

“राघो नाखवा.”

“कुठल्या पिक्चरमधला?”

“माझ्या बाबांच्या गोष्टींमधला. मी लहान असताना रात्री जाळं विणता विणता सांगायचे.”

आणि मग, ओळख ना पाळख, मी त्याला सगळं सांगून टाकलं. लकव्यानंतर बाबा बोलतच नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. राघो समोर आला तर निदान वळून बघतील…

तो गंभीर झाला. “राघो नेटवर सापडणार नाही. तो फक्त तुझ्याकडे आहे. रोज येऊन सांगशील?”

क्लास सुटला की मी जायची. कटिंग चहा निवून जायचा, तो ऐकत ऐकत सगळं मशीनमध्ये भरत बसायचा.

“रसिका, तुझ्या एकाही गोष्टीला शेवट कसा नाही गं?”

“मला तेवढंच आठवतं. कंटाळलास?”

“छे! शेवट नाही म्हणून तर तू उद्या येतेस…”

माझे कान तापले. “हे पण मशीनमध्ये भरतोयस का?”

“नाही. हे माझ्याकडेच ठेवलंय.”

रविवारी तो स्कूटरवर पेटी घेऊन मुर्ध्याला आमच्या घरी आला. लाल टोपीतला राघो उभा राहिला, वादळात होडी घातली, मासळीने भरून आणली. बाबा भिंतीकडेच. माझा धीर सुटत चालला… तेवढ्यात राघो थांबला आणि बाबांकडे वळला.

“तुळशीरामदादा, मंग फुरं काय झाला? तुमीच सांगा.”

“शेवट नव्हता ना,” साईराज कुजबुजला, “म्हणून त्याला पुढचं विचारायला शिकवलं.”

बाबा वळले. कितीतरी वेळ नुसते ओठ हलत राहिले.

“वा… टा.”

मला काही कळेना. आईने मात्र पदर डोळ्यांना लावला. “राघो पयला वाटा काढून ठेवायचा, घरान झोपलेल्या पोरीसाटी. तू शेवट कंदी आयकलाच न्हाय गो. रोज मदीच झोपायचीस.”

म्हणजे प्रत्येक गोष्टीचा शेवट माझ्यासाठीच होता! मी बाबांचा हात धरून रडत होते, हसत होते.

साईराज पेटी बंद करू लागला. “राघो पूर्ण झाला. आता तू दुकानात कशाला येशील…”

मी तव्यावरचं सगळ्यात मोठं पापलेट एका ताटलीत काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. “पहिला वाटा.”

“माझा?”

“जो न झोपता ऐकतो त्याचा. आवडतोस तू मला, साईराज.”

एका गालावर खळी पडली. ताटली त्याने दोन्ही हातांनी घेतली.

“मग… उद्या पण येऊ?”

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून आवाज आला, तुटका पण स्पष्ट.

“ये.”