चार बोटं राखून

काकूच्या लॉन्ड्रीत बॉयलरला पाणी पुरवणारी पत्र्याची टाकी आहे. काकू विचारायची, "किती?" काका टाकीवर बोटांनी ठोकून, कान देऊन आकडा सांगायचे. तीस वर्षं असंच चाललं. काका गेल्यावर बॉयलर एकदा कोरडा तापला. पुन्हा तापला तर फुटेल, असं मिस्त्री बजावून गेला. म्हणून मी, म्हणजे घरातल्या एकुलत्या एक भौतिकशास्त्राच्या पदवीधर पुतणीने, टाकीच्या झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. तो खाली आवाज सोडतो. आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पातळी सेन्सरच्या छोट्या पडद्यावर दिसते.

पडद्यावर १४२ सेंटिमीटर. काठी बुडवून पाहिली. १४२. मी खूश.

"किती गं?" इस्त्रीच्या टेबलापासून काकूने विचारलं.

पडद्यावर १३३.८ झाले.

काठी अजून १४२च सांगत होती. काकू हसली. "अगदी ह्यांच्यासारखं! चार बोटं राखूनच सांगायचे. लग्न ठरताना वयसुद्धा चार वर्षं राखून सांगितलं होतं."

मी वायर बदलली, मग सेन्सरच बदलला. वाफेला दोष द्यावा, तर फरक रोज तेवढाच, आणि तोही फक्त काकूने विचारल्यावर. माझी चार बोटं साडेसहा सेंटिमीटर भरली. खिळ्याला काकांचा हातमोजा लटकत होता. त्याची चार बोटं मोजली. ८.२.

मंगळवारी नळाला पाणी आलं नाही. दुपारी काकूने "किती?" विचारलं आणि पडद्यावर शून्य आलं. काठी मात्र ८.२ ओली.

"चालू दे, पाणी आहे," मी म्हणाले.

"हे नाही म्हणतायत ना? मग नाही." काकूने बॉयलर बंद केला.

टाकी उपसून आत पाहिलं. बॉयलरकडे जाणारा पाइप तळापासून बरोबर काकांची चार बोटं वर होता. खालचं पाणी त्याला मिळालंच नसतं.

काकूने पत्र्यावरून हात फिरवला. "शाबास हो तुमची," ती म्हणाली, आणि मग थट्टेने, "अहो, आणि तुमच्याकडे यायला मला अजून किती?"

टाकी कोरडी ठणठणीत होती. पडद्यावर ११.

"काय म्हणतायत गं?"

"काही बोलत नाहीत."

"रुसले असतील," म्हणत काकू इस्त्रीकडे वळली.

काका नेहमी राखून सांगतात, खरा आकडा जास्तच असतो, असं मी रात्रभर स्वतःला समजावत होते.

बुधवारी सकाळी टाकी काठोकाठ भरली. काकू अजून यायची होती. कोणी काही विचारलं नव्हतं.

पडद्यावर १०.