सोनेरी चतुरांच्या रिकिबी

"खाजवू नकोस!" सेत्सुकोमावशीने चिझुरूचा हात धरला. बोटांवर लालभडक पुरळ उठलं होतं. "ओल्या रोगणाला हात लावलास ना?"

"नाही गं! परवा देवळात मिरवणुकीच्या घोड्याच्या रिकिबी उचलल्या, तेवढंच!"

रोगणकामात मावशीची हयात गेली होती. तिच्या कपाळावर आठी पडली. "त्या तर तीनशे वर्षांच्या! रोगण म्हणजे झाडाचा चीक; तो पुरता वाळला की असा बाधत नाही. बाधतो तो ताजा."

मावसभाऊ साकुतारो ताडकन उठला. "म्हणजे त्या नव्या आहेत? मग जुन्या कुठायत?"

खोगीर आणि रिकिबी साफसफाईसाठी कुझुमी नावाच्या व्यापाऱ्याकडे दिल्या होत्या. परवाच त्याने त्या परत आणल्या होत्या, आणि आज तो गाव सोडणार होता!

"पळा तुम्ही!" मावशी म्हणाली. "मी आलेच मागून!"

देवळापुढे घोडा सजून उभा होता. खोगिरावर, रिकिबींवर पंख पसरलेले सोनेरी चतुर कीटक चमकत होते. पलीकडे हातमोजे घातलेला कुझुमी गाडीचं दार उघडत होता.

"इगाराशीआजोबा, त्यांना थांबवा! रिकिबी खोट्या आहेत!" साकुतारो ओरडला.

"काहीतरीच!" देवळाचे कारभारी इगाराशी खेकसले. "चकाकतायत की!"

"नीट तपासल्यात?" चिझुरूने विचारलं.

"त्यात काय तपासायचं? व्हा बाजूला!"

गाडी सुरू झाली. आपलं चुकलं तर गावात मावशीची छी-थू होईल! तरी चिझुरू गाडीपुढे आडवी झाली.

"कुझुमीकाका, एक फोटो! घोड्याजवळ! हातमोजे काढून, रिकीब अशी गालाला लावून!"

"मला घाई आहे."

"एकच फोटो!" जमलेले लोकही हसून आग्रह करू लागले. कुझुमी किल्ली गाडीतच ठेवून नाइलाजाने उतरला. साकुतारोने रुमालात धरून रिकीब त्याच्या गालाजवळ नेली मात्र, कुझुमी किंचाळत मागे सरला.

"लांब धर ती! अजून ओली..."

त्याने जीभ चावली.

"ओली?" इगाराशींचा आवाज कापत होता. "तीनशे वर्षांनी?"

कुझुमी गाडीकडे धावला, पण किल्ली केव्हाच साकुतारोच्या मुठीत गेली होती! डिकीत गोधडीखाली खोगीर निघालं, रिकिबीही निघाल्या. धापा टाकत आलेल्या मावशीने चतुरांच्या पंखांवरच्या केसाएवढ्या जुन्या भेगा पाहिल्या आणि मान डोलावली. "याच त्या!"

कुझुमीला पोलीस घेऊन गेले. मग म्हातारे इगाराशी सगळ्यांदेखत मुलांपुढे कमरेत वाकले.

"पोरांनो, डोळे असून आंधळा झालो होतो मी. गावाची लाज तुम्ही राखलीत!"

मिरवणूक तासभर उशिरा निघाली, पण इगाराशींच्या हट्टापायी त्या दोघांना घोड्याच्याही पुढे चालावं लागलं!