तपकिरीची तीन पिल्ले

२०७९ साली गडहिंग्लजमध्ये अशी एकही गल्ली उरली नव्हती, जिथे कुणी ना कुणी आपल्या एखाद्या आठवणीला कोंदण करून घेतले नव्हते. सोनार खडा पक्का बसवतो ते कोंदण. इथे खड्याच्या जागी आठवण असायची. कोंदणातली आठवण पुसट होत नसे आणि तिच्यातला केसही इकडचा तिकडे होत नसे. चौगुल्यांच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांनी शाळेने खो-खोची ढाल जिंकली तो दिवस कोंदणात बसवून घेतला होता. चहाला आले की ते तोच दिवस सांगत, त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून. शेवटचा गडी बाद झाला की ते रुमालाने मान पुसत, मग बाहेर पौषातली थंडी का असेना.

"मास्तरांची ढाल आली," अन्वी चौगुले स्वयंपाकघरातून हळूच म्हणे आणि तिचा नवरा राजवीर हसू दाबत असे.

मग तपकीर गेली.

तपकीर ही त्यांची मांजर. त्यांच्या मुलीने, ईराने, आठवीत असताना दप्तरातून घरी आणलेली. रंग तपकिरीसारखा, पुढचा एक पाय तेवढा पांढरा, दुधाच्या पातेल्यात बुडवून काढल्यासारखा. कुकरची पहिली शिट्टी तिला चाले, दुसरी चाले, तिसरीच्या आधी मात्र ती पलंगाखाली जाऊन बसे. राजवीर एसटीच्या आगारातून परत यायच्या वेळी ती फाटकाच्या खांबावर असे. तो निवृत्त झाल्यावरही दोन महिने ती त्या वेळेला खांबावर जाऊन बसत होती आणि तो मागून, घरातूनच, तिला हाका मारत होता. ईरा शिकायला हुबळीला गेली, तिथेच नोकरी लागली, तिथेच संसार मांडला. घरात राहिले ते तिघेच. सतरा वर्षांची होऊन, माघातल्या एका दुपारी, पायरीवरच्या उन्हात अन्वीच्या पावलावर हनुवटी टेकून तपकीर गेली.

चाळीस दिवसांनी अन्वी अंगणात कपडे वाळत घालत होती. हातातली चादर तशीच धरून तिने विचारले, "राजवीर, पांढरा पाय कुठला होता रे? डावा की उजवा?"

"डावा. का गं?"

ती आत गेली. घरात तपकिरीचे शेकडो फोटो होते, चित्रफिती होत्या. पाय डावाच होता. पण ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "बघून कळलं," ती म्हणाली, "पण आठवलं नाही. चाळीस दिवसांत पाय गेला. वर्षभरात काय उरेल?"

तीनच दिवसांनी दोघे कोल्हापूरला, डॉक्टर तय्यबा मुजावर यांच्या स्मृतिकेंद्रात बसले होते. डॉक्टर चाळिशीतल्या होत्या, माहेर पन्हाळ्याच्या बाजूचे. त्यांच्या आजोबांचे गुऱ्हाळ होते आणि कोंदण समजावून सांगताना त्या हटकून गुऱ्हाळावर येत.

"लोकांना वाटतं आठवण म्हणजे कपाटातला कागद," त्या म्हणाल्या. "काढला, वाचला, परत ठेवला. तसं नाही, काकू. आठवण म्हणजे गुळाची ढेप. तुम्ही आठवता तेव्हा ती वितळते. मेंदूतल्या पेशींचे जे जोड तिला धरून असतात, ते सैल पडतात. चार-पाच तासांनी ती पुन्हा थिजते. दरवेळी नव्यानं."

"मग बिघडतं कुठं?" राजवीरने विचारले.

"वितळलेली असताना आजचं काहीतरी तिच्यात पडतं. कुणी बोललेलं, फोटोत पाहिलेलं, आपल्या मनातलं. पडलं की त्याच्यासकट थिजतं. म्हणून आठवण बदलते. आमचं औषध एवढंच करतं, की त्या खेपेला ती अशी थिजते की पुन्हा कधी वितळत नाही."

"तेच पाहिजे," अन्वी म्हणाली.

"पण त्या खेपेला आत जे पडेल तेही कायमचं. म्हणून जखम ओली असताना आम्ही करत नाही. निदान एक वर्ष थांबतो." डॉक्टरांनी समोरचा नोंदींचा पडदा जवळ ओढला. "मांजर जाऊन किती दिवस झाले?"

"दीड वर्ष," अन्वी म्हणाली.

राजवीरने तिच्याकडे पाहिले. तिने पाहिले नाही. त्याने तोंड उघडले होते, पण तिची बोटे पदराचे टोक पिळत होती आणि ते पाहून तो गप्प राहिला.

तिने निवडलेली सकाळ अकरा वर्षांपूर्वीची होती. ती विळीवर नारळ खोवत बसली होती. माळ्यावर व्यालेली तपकीर तोंडात एक पिल्लू धरून खाली आली, ते अन्वीच्या मांडीवर ठेवले आणि परत वर गेली. दुसरे आणले. तिसरे आणले. मग तिघांवर एक नजर टाकून, आता तू बघ, मी येते, अशा थाटात बाहेर निघून गेली. ईरा तेव्हा हुबळीला होती; ती सुट्टीला येईपर्यंत पिल्ले लोकांकडे दिलीही गेली, आणि त्यांचा फोटो काढायचा राहूनच गेला. राजवीर दारात दाढीचा साबण तोंडाला लावून उभा होता आणि अन्वी त्याला कुजबुजत सांगत होती, "हलू नकोस, हलू नकोस." मांजर आपले पिल्लू माणसाच्या मांडीत ठेवते, याहून मोठा विश्वास त्या दोघांनी जगात पाहिला नव्हता.

औषध घेऊन अन्वीने डोळे मिटले आणि ती सकाळ आठवली. चार तास ती आठवत राहिली, आणि चारही तास रडत राहिली. नर्सला वाटले, आनंदाचे अश्रू असतील.

पहिले काही दिवस ती उजळून गेली होती. "वजन कळतं रे मांडीवर! प्रत्येकाचं वेगळं." पण हे सांगतानाही तिचे डोळे वाहत. राजवीरला वाटले, ओसरेल. तपकिरीच्या बाकीच्या आठवणी खरोखरच हळूहळू गोड झाल्या. कुकरची गोष्ट निघाली की दोघे हसत. त्या सकाळचे मात्र तसे नव्हते. तिच्यात त्रेचाळीस दिवसांचे दुःख थिजून बसले होते आणि ते त्रेचाळीस दिवसांचेच राहिले. वर्ष गेले, दोन गेली. नारळ फोडल्याचा आवाज आला तरी ती कानांवर हात ठेवी. तिने विळी धुऊन माळ्यावर टाकली. लग्नाच्या पंगतीत शेजारणीच्या मांडीवर तान्हे मूल पाहून ती उठून बाहेर आली. एका सकाळी राजवीर दाढी करताना सहज दाराशी आला, तेव्हा त्याच्या तोंडावरचा साबण पाहून तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

त्या दिवशी राजवीर म्हणाला, "मी तेव्हा डॉक्टरांसमोर बोलायला हवं होतं."

"मी तुला बोलू दिलं नसतं."

डॉक्टर मुजावर यांनी सगळे ऐकून घेतले. त्या रागावल्या नाहीत. "दुःख तेवढं वेगळं काढता येत नाही," त्या म्हणाल्या. "ढेप फोडायची तर सगळी फुटते. आम्ही त्याला उकल म्हणतो. ती सकाळ जाईल. आणि काकू, ती सकाळ तुमच्या मांजरीच्या मधोमध आहे. बाकीच्या आठवणी तिलाच बांधलेल्या आहेत. फार थोडं उरेल."

"नाही केली तर?"

"तर असंच राहील. मरेपर्यंत."

हुबळीहून ईरा फोनवर रडली. "आई, विसरशील तू तिला! माझ्या तपकिरीला!" अन्वीने तिला रडू दिले. मग राजवीरकडे वळून म्हणाली, "तुझ्याकडे आहे ना ती?"

"आहे की."

"मग झालं. तू मला सांगत जा. मी तुझ्याकडून ऐकेन."

जायच्या आदल्या दिवशी पायरीवर बसून तिने ती सकाळ शेवटची सांगितली, पहिल्या पिल्लापासून ते तपकीर दाराबाहेर जाईपर्यंत. सगळे डोळे पुसत सांगितले. राजवीरने फोन पुढे केला होता. तिने तो बाजूला सारला. "टिपून नको ठेवू. पुन्हा दगडच होईल त्याचा. नुसतं ऐक."

उकल झाली. आठवड्याभराने राजवीरने भीत भीत फोटो दाखवले. अन्वीने ते कौतुकाने पाहिले, जसे पाहुण्यांच्या घरचे फोटो पाहतात. "छान होती रे. आपण मांजर पाळली होती हे ठाऊक आहे मला. पण..." आणि तिने तळहात उघडून दाखवला. त्यावर काही नव्हते.

विळी खाली आली. ती पुन्हा नारळ खोवू लागली, पुन्हा शिंगाड्याच्या पिठाच्या वड्या करून शेजारी वाटू लागली. संध्याकाळी ती स्वतःच म्हणे, "सांग ना तुझ्या मांजरीचं." ती 'तुझ्या' म्हणते, हे राजवीरला दरवेळी टोचे. पण तो सांगे. फाटकाचा खांब, कुकरची शिट्टी, सगळे. ती मनापासून हसे. पिल्लांची सकाळ तिला सर्वांत आवडे आणि आता ती ऐकताना तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नसे. सांगता सांगता राजवीरच्या लक्षात आले की तो एकटाच सांगतो आहे. पूर्वी एक वाक्य त्याचे असे, एक तिचे. त्याचे चुकले की ती मांडीवर चापट मारून दुरुस्त करी.

संक्रांतीच्या सुमारास ती तीळ निवडत बसली होती आणि तो तीच सकाळ सांगत होता. तिसरे पिल्लू आले. ती इतकी रंगली होती की गोष्ट संपवणे त्याच्या जिवावर आले. "आणि मग," तो म्हणाला, "ती परत वर गेली. आणखी एक राहिलं होतं. सगळ्यांत बारकं."

तो थांबला. चापट पडेल म्हणून त्याने तिच्याकडे पाहिले.

तिचे हात तिळात तसेच थांबले होते. "चौथं?" ती म्हणाली. "अय्या! मग? जगलं का ते?"

राजवीरला खरे सांगता आले असते. "जगलं की," तो म्हणाला. "तूच जगवलंस. कापसानं दूध पाजून."

"मी?" अन्वीचा चेहरा असा फुलला की तो पाहतच राहिला. "कसं होतं रे दिसायला?"

तो सांगायला काहीतरी शोधू लागला, आणि शोधावे लागले नाही. ते समोरच होते. काळपट, मुठीएवढे, एक कान दुमडलेला आणि ओला, तिच्या साडीच्या निरीत नाक खुपसून थरथरणारे. राजवीरने डोळे घट्ट मिटून ती तीन पिल्लांची सकाळ पुन्हा मनाशी आणून पाहिली. साबणाचा वास आला, विळी दिसली, अन्वीचे "हलू नकोस" ऐकू आले.

तिच्या मांडीवर चार पिल्ले होती. आणि ती तीनच होती, हे सांगू शकेल असे जगात आता कुणी उरले नव्हते.