मगदूम सरांची राहिलेली सभा

मी सातवी नापास माणूस. मला लिहायला लावू नका म्हणून चारदा सांगितलं. पण आयेशा ऐकती व्हय? "पिराजी आजोबा, तिथं तुमी व्हता, तुमीच लिहा." तिचा आजा मीरासाब ह्या विषयावर तोंड उघडत न्हाय, नुसता मिशीत हसतो, म्हणून ही ब्याद माझ्या गळ्यात. लिहितो. पण मधी कुणी "कायतरीच" म्हणायचं न्हाय. म्हणायचं असंल तर आत्ताच उठा, आणि जाताना दार वडून घ्या.

गोष्ट माझी न्हवं, मीरासाबची. मी नुसता दाराशी उभा व्हतो. त्याच्या पोटातलं जे लिहितोय ते त्यानं मागनं एका वड्याच्या गाडीवर मला सांगितलेलं हाय, माझ्या मनचं न्हाय.

डॉ. आप्पासो मगदूम म्हणजे आमच्या कॉलेजातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक, पुढं डीन झाले. डीन म्हणजे प्राध्यापकांच्या डोक्यावरचा प्राध्यापक. त्यांच्या दाराशी मी एकतीस वर्सं शिपाई. तोंडात कायम लवंग, हातात हिरव्या शाईचं पेन. कुणी कायबी सांगितलं की एकच शब्द, "पुरावा?" सायेब, भाईर पाऊस लागलाय म्हटलं तरी "पुरावा?" मग मी भिजलेली छत्री दाखवायची.

सभा चारला म्हणजे चारलाच. टेबलावर पितळी घंटी. एकदा वाजली की बसा. दोनदा वाजली की बोला. तीनदा वाजली की पुरे, उठा. शब्द खर्च करायचे न्हाईत सर. आणि सभा सुरू झाली की पैलं काम, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, चूक असंल तर दुरुस्त करायचं, आणि कायम करायचं. एक सुचवणारा लागायचा आणि एक अनुमोदन देणारा. त्याबिगर सर पुढं सरकायचे न्हाईत. "कायम न केलेलं इतिवृत्त म्हणजे रात्रभर उघडं राहिलेलं दार," म्हणायचे.

आणि त्यांच्या हातनं नेमकं एकच इतिवृत्त कायम व्हायचं राहिलं. त्यात मीरासाबचं नाव व्हतं.

मीरासाब कॉलेजचा बाइंडर. चाळीस वर्सं हातात सुई-दोरा आणि बोटाला खळ. सरांनी गावोगाव फिरून, मुरगूडपासनं गारगोटीपर्यंत, ग्रामपंचायतीच्या निवडणुकांचं एक जाडजूड बाड हातानं लिहिलेलं. ते बांधायला मीरासाबकडं आलं. पानं शिवून झाली की कडा मशीनवर कापून सारख्या करतात, पाठीचं कापड मागनं चढतं. किती कापायच्या ते इचारायला त्यानं मला पाठवलं. सरांनी चिठ्ठी लिहून दिली, मी ती नेऊन दिली, त्यानं तशा कापल्या.

आणि कापलं ते सरांचंच काळीज. प्रत्येक पानाच्या अगदी कडंला, बारीक हिरव्या अक्षरात, कुठली गोष्ट कुणाकडनं कळली ते त्यांनी लिहून ठेवलेलं. सगळे पुरावे केराच्या टोपलीत!

सर पांढरे फटक पडले. म्हणाले, मी चिठ्ठी दिलीच न्हाय. लिहिण्याच्या नादात दिलेली इसरले असतील. मीरासाबला चिठ्ठी घावंना. त्याच आठवड्याच्या सभेत सरांनी लिहिलं, बाइंडर मीरासाब यांच्या हलगर्जीपणामुळे अमूल्य टिपणे नष्ट झाली, सबब त्यांना पुढील काम देऊ नये. मला ऱ्हावलं न्हाय. दारातनंच बोललो, "सायेब, चिठ्ठी मी स्वता नेऊन दिलीया की!" सर म्हणाले, "पिराजी, दाराशी उभ्या माणसाची साक्ष सभेत चालत नाही." आणि तीनदा घंटी.

पुढच्या सभेच्या आठ दिवस आदी सर गेले. झोपेतच गेले. मीरासाबनं मंगळवार पेठेत लग्नपत्रिका आणि वह्या बांधून दिवस काढले. पंधरा वर्सं झाली.

ह्या मे महिन्यात सरांची लेक त्रिशलाताई सगळी कागदं घेऊन कॉलेजात आली. एकेचाळीस बस्ते, सरांची खुर्ची आणि टेबलावरच्या घंटी-पेनासारख्या चीजांचं एक खोकं. सगळं लायब्ररीखालच्या तळघरात कायमचं जतन व्हणार, पोरांना वाचायला मिळणार. फाटलेलं बांधायला बाइंडर पाहिजे व्हता, आणि जुन्या पद्धतीनं बांधणारा आता एकटाच उरलाय. कुठला बस्ता कुठला हे ओळखायला मला बी बोलावलं.

"येणार न्हाय," मीरासाब म्हणाला.

"आयेशा त्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकतीया मर्दा," मी म्हटलं. "जूनमधी ती कपाटं उघडंल. आजाचं नाव वाचंल. तवा काय सांगशील?"

हे मी म्हणायला नको व्हतं. त्यो रातभर झोपला न्हाय. सकाळी पिशवी घेऊन माझ्या आदी फाटकाशी हजर.

तळघर म्हणजे काय, वर एक हातभर झरोका आणि एक पिवळा दिवा. भाईर उन्हाचा वणवा, आत थंडगार. जुन्या कागदाचा वास, त्यात दमट चुन्याचा वास. भिंतीला घडीच्या खुर्च्या लावून ठेवलेल्या. आम्ही त्यातल्या दोन उघडल्या, एक मीरासाबला, एक ताईंना. मी बसलो न्हाय. सरांच्या खुर्चीसमोर बसायची मला सवयच न्हाय. दारातच उभा राहिलो.

दुपारपतूर काम झकास चाललं. ताईंनी थर्मासमधला चहा दिला. मीरासाब सरांच्या नकला करत व्हता, "पुरावा?" म्हणून भुवई वर चढवली की ताई हसून हसून डोळं पुसायच्या. "चाचा, घरी आमटी अळणी झाली तरी आई म्हणायची, आधी सूचक आणा!"

साडेतीनला इतिवृत्ताची वही हातात आली. ताई झरोक्याखाली फोनवर बोलत व्हत्या. मीरासाबनं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. हलगर्जीपणा. त्यो शब्द त्यानं बोटानं चाचपला. पंधरा वर्सं झाली तरी शाई हिरवीगार.

"काप," मी कानात म्हटलं. "सुरी हाय हातात. एक पान गेलं तर कुणाला कळतंय?"

त्यानं सुरी घेतली. पानाच्या मुळाशी, शिलाईला लावली. कसबी हात तो, कापलेलं परमेश्वराला बी कळलं नसतं. त्याच्या डोळ्यांम्होरं आयेशा उभी व्हती. मग त्यानं सुरी खाली ठिवली.

"चाळीस वर्सं पानं जोडली पिराजी," तो म्हणाला. "तोडलं एक बी न्हाय. आता हे एक तोडलं तर मग ह्यात लिहिलंय तेच खरं की."

आणि दिवा गेला.

झरोक्यातला उजेड बी कुणीतरी हात ठेवल्यागत मंद झाला. भाईर ढग आला असंल. असंलच. ताईंचा फोन मधीच तुटला. वर लायब्ररीत पंखे फिरत व्हते त्यांचा आवाज थांबला, आणि मग कायच ऐकू येईना. घड्याळ बघितलं. चार.

टिंग.

घंटी एकदा वाजली. टेबलावर न्हाय… त्या खोक्यात. चिकटपट्टी लावलेल्या, दोरीनं बांधलेल्या बंद खोक्यात.

"पिराजीमामा…" ताई हळूच म्हणाल्या. "चेष्टा पुरे हं."

"माझं दोन्ही हात खिशात हाईत ताई…"

लवंगेचा वास आला. पैल्यांदा बारीक, मग कुणी समोरच चघळत असल्यागत. सरांची खुर्ची करकरली. खुर्चीला भार आला की जसा आवाज येतो, तसा. माझ्या मानेवरचं क्यास उभं राहिलं, पण खरं सांगतो, त्यापेक्षा जास्त मला सवयीनं ताठ उभं ऱ्हावंसं वाटलं.

"एकदा वाजली की बसायचं," मी पुटपुटलो. "बसा दोघं."

बसली बिचारी. मग कागदावर निब घासल्याचा आवाज. करर… करर… थांबला. ताईंनी फोनची बॅटरी लावली. इतिवृत्ताची वही उघडीच व्हती. हलगर्जीपणाच्या ओळीखाली, कोऱ्या जागेत, ओली हिरवी अक्षरं.

पुरावा?

ताईंच्या तोंडनं "बाबा…" एवढंच निघालं.

टिंग. टिंग.

"बोल म्हणतायत," मी म्हटलं. "मीरासाब, बोल की लेका!"

मीरासाब काय बोलणार? चिठ्ठी व्हती सर, पण गेली… केरात गेली असंल… त्या दिवशी टेबलावर नुसत्या कागदाच्या चिंध्या… आणि बोलता बोलता तो मधीच थांबला. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

तुम्हाला सांगतो, जुना बाइंडर कागदाचा चिटोरा वाया घालवत न्हाय. पुस्तकाच्या पाठीला आतनं अस्तर लागतं. त्याला नवा कागद कोण लावतंय? टेबलावर पडलंय ते घ्यायचं, खळ फासायची, चिकटवायचं, वरनं कापड. हात करतो, डोकं दुसरीकडंच असतं. पंधरा वर्सं तो चिठ्ठी घरात धुंडाळत व्हता, बायकोच्या ट्रंकेत, पोराच्या दप्तरात. स्वताच्या हातच्या कामात त्यानं कवा बघितलंच न्हवतं.

त्यानं ते निवडणुकांचं बाड वडलं. सुरी घेतली. मघाशी जी सुरी त्यानं ठिवून दिलती तीच. सोताच बांधलेल्या पुस्तकाच्या पाठीवर वरपासनं खालपतूर चालवली. कापड चर्र करून फाटलं. आतनं पिवळा कागद, खळीनं कडक झालेला. पाण्याचं बोट लावत लावत त्यानं तो सोडवला. ताईंनी उजेड धरला.

हिरवी शाई. "बोटभर कापावे. आ. मगदूम."

लवंग चघळल्याचा बारीक आवाज येत व्हता, तो थांबला. मला वाटतं, एवढा गप्प तो माणूस जित्तेपणी बी कवा झाला नसंल.

टिंग. टिंग.

"सूचक मागतायत ताई…"

त्रिशलाताई उभ्या राहिल्या. बापाचीच लेक. "मी सुचवते… की चाचांवरचा ठपका… वगळावा. चूक बाबांची होती."

टिंग. टिंग.

आता अनुमोदन. मीरासाबला सोताच्याच बाबतीत देता येत न्हाय. राहिलं कोण? टिंग टिंग, पुन्हा, जरा चिडून. ती चिडकी घंटी मी चांगली ओळखतो.

एकतीस वर्सं मी त्या दारात उभा राहिलो. सभेत एकदाच बोललो आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. म्हटलं, गेलं खड्ड्यात.

"अनुमोदन हाय माझं!" मी वरडलो. "आणि चिठ्ठी मीच नेलती, ते बी लिवा!"

निब घासायला लागलं. लई येळ घासत व्हतं. मग तीन घंट्या, संथ, एकामागनं एक. खुर्ची करकरली, भार उठला. दिवा आला. वर पंखे फिरायला लागले, आणि मी खालनंच वरच्या लायब्ररीयनला "लाईट का गेलती वो?" म्हणून इचारलं. लायब्ररीयन म्हणाला, "कुठं गेलती? तुमचं काय झालंय?"

खोक्याची दोरी जशीच्या तशी. चिकटपट्टीला नख बी लागलेलं न्हाय. वहीत मात्र सगळं लिहिलेलं. मीरासाब यांच्याविषयीचा उल्लेख अध्यक्षांच्या स्वतःच्या विस्मरणातून झाला असल्याने वगळण्यात येत आहे, अध्यक्ष दिलगीर आहेत, इतिवृत्त कायम.

मीरासाबनं ते तीनदा वाचलं. मग हसायलाच लागला, डोळ्यातनं पाणी आणि तोंडात हसू. म्हणाला, "सर गेले, पण सवय गेली न्हाय." त्या फाटलेल्या बाडाला त्यानं नवी पाठ चढवली, आतल्या अस्तराला ह्या खेपंला कोरा कागद लावला, आणि चिठ्ठी ताईंच्या हातात दिली. संध्याकाळी गाडीवर आम्ही तिघांनी वडे खाल्ले. ताई जैन, कांदा खात न्हाईत, त्यांच्या वाटणीचा कांदा बी मीरासाबनं खाल्ला. जूनमधी आयेशानं कपाट उघडलं, पान वाचलं, आणि घरी येऊन आजाच्या गळ्यात पडली. एवढंच पाहिजे व्हतं.

आता राहिलेलं सांगतो आणि थांबतो.

त्या पानावर वर लिहिलंय, उपस्थित, पाच. मी बोटावर मोजलं. मीरासाब, ताई, मी. सरांना धरलं तर चार. आणि आम्ही खुर्च्या दोनच उघडल्या व्हत्या. दिवा आला तवा तिसरी उघडी व्हती, दाराशी, माझ्या कोपराला लागून. मी हात लावून बघितला. बसून उठल्यागत गरम. मी ती मिटली न्हाय, माझी छाती झाली न्हाय. आयेशा म्हणती, आताचा शिपाई रोज सकाळी मिटून भिंतीला लावतो, आणि चारला ती पुन्हा दाराशी असती.

असू दे. कोण बसतंय त्याला बसू दे. माझं भांडण त्याच्याशी न्हाय. त्याच पानावर, अनुमोदकाच्या म्होरं, काय लिहिलंय ठावं हाय? "दाराशी उभा असलेला इसम." एकतीस वर्सं चहा नेला, छत्री दाखवली, चिठ्ठी पोचवली. मीरासाबची माफी मागितली, बरं केलं. पण माझं नाव पिराजी दत्तू सुतार हाय, ते त्या माणसाला चांगलं ठावं व्हतं, आणि माझी माफी अजून मागायची राहिलीया ती डॉ. आप्पासो मगदूम यांनी.